औषधाला लपवाछपवी मानवत नाही

सावित्रीच्या खोऱ्यातील महाड आणि पोलादपूर हे तालुके इतिहासाने समृद्ध. पण वैद्यकीय सोयींच्या बाबतीत ते दीर्घकाळ उपेक्षितच राहिले. डोंगरवाड्यांवरील माणसाला आधार होता तो परसातल्या वनस्पतींचा आणि गावच्या वैदूचा. याच भूमीने वैद्यकशास्त्राला एक मोलाचा धडा दिला. १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने अत्यवस्थ झालेल्या रुग्णांच्या उशाशी बसून बारकाईने नोंदी केल्या. मंत्र आणि झाडपाला तर निष्फळ होतेच. पण आधुनिक म्हणून दिले जाणारे स्टेरॉइडही त्या विषापुढे निरुपयोगी होते. तारक ठरले ते प्राझोसिन हे रक्तदाबावरचे साधे औषध. २०२२ मध्ये 'पद्मश्री'ने गौरविल्या गेलेल्या या कार्याचे सार एवढेच, की औषध आपले की परके यापेक्षा ते शरीरात काय करते, हे आधी पाहावे.

हीच कसोटी आज आणखी एका प्रश्नाला लावणे अगत्याचे आहे. दमा किंवा संधिवातासाठी डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलेले असते आणि घरी ज्येष्ठमधाचा काढाही चालू असतो. 'काढ्याने काय अपाय होणार?' या समजुतीने तो डॉक्टरांना सांगितला जात नाही. वस्तुतः ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन हे द्रव्य स्टेरॉइड निष्प्रभ करणाऱ्या विकराला अटकाव करते. परिणामी रक्तातील स्टेरॉइडचे प्रमाण वाढते. पोटॅशियम घटते, अंगावर सूज येते, रक्तदाब चढतो. चिनी वैद्यकातील असंख्य काढ्यांत ज्येष्ठमध असल्याने तेथे आणि जपानमध्ये या संयोगाचा कसोशीने अभ्यास झाला. ज्या देशात ज्येष्ठमध घरोघरी आहे, तेथे ही जाणीव त्याहून अधिक हवी. अधूनमधून चघळलेल्या कांडीने भिण्याचे कारण नाही. प्रश्न नित्य आणि भरपूर सेवनाचा आहे.

याहून गंभीर प्रकार फसवणुकीचा. 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे देशात वारंवार पुढे आली आहेत. दोन दिवसांत गुडघे मोकळे होतात, पुडी देणाऱ्याचा जयजयकार होतो. मग चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. अनेक महिन्यांनी पुडी एकाएकी बंद केली तर धोका वेगळाच. बाहेरून मिळणाऱ्या स्टेरॉइडमुळे अधिवृक्क ग्रंथी सुस्तावलेल्या असतात. रक्तदाब कोसळून रुग्ण दगावूही शकतो. आणि मूळ कारण डॉक्टरांना ठाऊकच नसते!

यात बदनाम होतो तो आयुर्वेद. योग्य रीतीने योजलेले विषही औषध होते आणि चुकीने वापरलेले औषध विष ठरते, असे बजावणाऱ्या चरकांच्या परंपरेला ही लपवाछपवी मान्य होणे शक्य नाही. म्हणून आयुर्वेदाचा अभिमान बाळगणाऱ्यांनीच याबाबत सर्वाधिक कठोर असले पाहिजे. औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्ये, उत्पादकाचे नाव आणि परवाना क्रमांक असणे कायद्याने बंधनकारक आहे. ते नसेल तर ती पुडी घरात येता कामा नये. अन्न व औषध प्रशासनाने आठवडे बाजारातील अशा पुड्यांचे नमुने नियमितपणे तपासावेत.

मात्र सारे शासनावर सोपवून भागणार नाही. गावोगावी संपर्क असलेल्या कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी घरोघरी पोहोचवाव्यात. डॉक्टर असोत वा वैद्य, चालू असलेले प्रत्येक औषध त्यांना दाखवावे. स्टेरॉइड स्वतःच्या मनाने सुरू करू नये, आणि सुरू असलेले एकाएकी थांबवूही नये. ज्या पुडीत काय आहे हे देणारा सांगत नाही, ती घेऊ नये. वैद्य आणि डॉक्टर यांच्यात रुग्णाने भिंत उभी केली, तर तिच्याखाली चिरडला जातो तो रुग्णच.