गृहोपयोगी विचार : टपालाने जाणारा ठेवा

मॉरिशसमधील ज्या मराठी घरांत भारतातून पार्सले येत असत, तेथील वडीलधाऱ्या मंडळींना त्या पार्सलांचे रूप अद्याप आठवते. पांढरे मांजरपाट, त्याची हाताने घातलेली घट्ट शिवण, शिवणीवर ठराविक अंतराने उमटविलेले तांबड्या लाखेचे ठसे आणि कापडावरच दौतीच्या शाईने लिहिलेला पत्ता. मुलांना त्या लाखेचे मोठे आकर्षण असे व ती फोडण्याचा मान कोणाचा यावरून भांडणेही होत. परंतु ती लाख शोभेसाठी नव्हती. विमा उतरविलेल्या पार्सलावरील सर्व ठसे एकाच खाजगी चिन्हाचे असावेत आणि ते नाण्याने उमटविलेले नसावेत, असा भारतीय टपालखात्याचा दंडक होता. नाणे कोणाच्याही खिशात सापडते. ज्याने वाटेत शिवण उसवली त्याला ती पुन्हा शिवता येईल, पण तोच ठसा पुन्हा उमटविता येणार नाही, एवढा साधा विचार त्यामागे होता. पार्सल फोडले गेले तर ते घेणाऱ्याच्या ध्यानात यावे, हा हेतू आजही बदललेला नाही. लाखेच्या जागी चिकटपट्टी आली, इतकेच.

मौल्यवान वस्तू टपालाने पाठविणे हे धाडस आहे असे अनेकांस वाटते. त्यांनी १९५८ सालची एक हकीकत ऐकावी. दक्षिण भारतातील गोवळकोंड्याच्या खाणींतून निघालेला समजला जाणारा ‘होप’ नावाचा निळा हिरा न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला अर्पण केला. तो तेथे पोचविण्यासाठी त्यांनी पहारेकरी नेमले नाहीत. साध्या तपकिरी कागदात गुंडाळलेल्या पेटीत घालून त्यांनी तो रजिस्टर टपालाने रवाना केला. टपाल-हशील २.४४ डॉलर पडले आणि दहा लाख डॉलरांच्या विम्यासह एकूण खर्च १४५.२९ डॉलर आला. १० नोव्हेंबर १९५८ रोजी एका पोस्टमनने ते पुडके संस्थेत नेऊन दिले. त्यावरील कागद आज वॉशिंग्टनच्याच टपाल-संग्रहालयात जपून ठेवला आहे. पेटीच्या बाह्यरूपावरून आत काय आहे याचा काहीही सुगावा लागत नव्हता आणि प्रत्येक हस्तांतराची सहीनिशी नोंद होत होती. त्या हिऱ्याचे खरे रक्षक हे दोन होते.

दुसरे उदाहरण तर मॉरिशसचेच आहे. १८४७ साली या बेटाने काढलेली ‘पोस्ट ऑफिस’ तिकिटे जगप्रसिद्ध आहेत आणि पोर्ट लुईच्या ब्ल्यू पेनी संग्रहालयात ती पाहावयास मिळतात. त्यांपैकी एक पेनीची दोन तिकिटे लावलेले एक पत्र जानेवारी १८५० मध्ये पोर्ट लुईहून मुंबईस गेले होते.  जवळजवळ अर्धशतकाने ते वेष्टन हिंदुस्थानात पुन्हा उजेडात आले आणि १९६८ साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला ३,८०,००० डॉलर मिळाले. ज्या काळी मुंबई बंदरातून मराठी माणसे गिरमिटावर या बेटाकडे येत होती, त्याच काळी तो कागद उलट दिशेने समुद्र ओलांडून गेला होता. मात्र तो टिकला तो दैवयोगाने. त्याच्यासारखे कितीतरी कागद टिकले नाहीत, याचा विसर पडू नये.

आता मूळ विषयाकडे वळावयाचे. गिरमिटिया पूर्वजांनी आपल्याबरोबर फारसे काही आणले नव्हते. ज्या थोड्या घरांत एखादी पितळी समई, चांदीचा टाक, नथ, हरिविजयाची जीर्ण पोथी किंवा आजोबांचे छायाचित्र चिकटविलेले तिकीट शिल्लक राहिले, तेथे आता नवीनच प्रश्न उभा राहिला आहे. मुले फ्रान्समध्ये, विलायतेत, कानडात, ऑस्ट्रेलियात स्थायिक झाली. घरात म्हातारी माणसे आणि तो ठेवा, एवढेच उरले. नातवाची वास्तुशांत मेलबर्नला होते आणि देव मात्र व्हाक्वाच्या देवघरात राहतात.

अशाच एका घरातील गोष्ट. थोरल्या नातीच्या लग्नानिमित्त आजीबाईंनी घरची समई लिऑनला पाठविली. सुनेने ती जुन्या साडीत चांगली तीन वेढे गुंडाळली, तेलाच्या बाटल्यांच्या रिकाम्या खोक्यात घातली आणि मोकळी जागा वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी भरली. पार्सल पोचले, पण समईच्या दांड्याचा आटा तुटला होता आणि वरच्या मोराची मान वाकली होती. शिवाय वाटीच्या कडेला राहिलेले जुने तेल साडीत आणि साडीतून पत्राच्या कागदावर उतरले होते. नातीने दूरध्वनीवर सांगितले, “आजी, काही काळजी करू नकोस, इथे जोडून घेता येईल.” आजीबाई काही बोलल्या नाहीत. मागाहून सुनेला एवढेच म्हणाल्या, “अगं, माझ्या सासूबाईंनी ती झिलई न करता साठ वर्षं सांभाळली होती.” सून बिचारी खाली मान घालून उभी राहिली. तिने जे केले ते प्रेमाने केले होते, आणि दोष द्यावयाचाच तर अज्ञानाला द्यावा लागेल.

समईच्या बाबतीत चूक कोठे झाली हे पाहणे उद्बोधक आहे. समई ही अनेक भागांची वस्तू आहे. बैठक, दांडा, वाटी आणि वरचा पक्षी हे सर्व आट्यांवर बसविलेले असतात. ती जोडलेल्या स्थितीत पाठविली म्हणजे बैठकीचे सारे वजन प्रत्येक धक्क्याला त्या बारीक आट्यांवर येते. ती उलगडावी, प्रत्येक भाग स्वच्छ व कोरडा करून निरनिराळा गुंडाळावा आणि जड भाग पेटीच्या तळाशी ठेवावा. कापडाचे वेढे ओरखड्यांपासून वाचवितात, धक्क्यापासून नव्हे. धक्का शोषण्यासाठी दबून पुन्हा उसळणारे काहीतरी लागते. हवेच्या फुग्यांचे प्लास्टिक चालेल, जाड फोम चालेल, चुरगळलेला जाड तपकिरी कागदही चालेल. वर्तमानपत्राचे बोळे एकदा दबले की दबलेलेच राहतात आणि दोन दिवसांत पेटीत पोकळी निर्माण होते.

सर्वांत खात्रीची रीत म्हणजे पेटीत पेटी. वस्तू आतल्या छोट्या पेटीत घट्ट बसवावी. ती पेटी मोठ्या पेटीत अशी ठेवावी की सहाही बाजूंना निदान पाच सेंटिमीटर मऊ भरण राहील. खालची बाजू विसरणारे लोक फार असतात, आणि पार्सल पडते ते बहुधा खालच्याच बाजूवर. बंद केल्यावर पेटी कानाशी धरून हलवावी. आतून आवाज आला तर पुन्हा उघडावी, त्यात आळस करू नये. बाहेरची पेटी नवी व दुपदरी पुठ्ठ्याची असावी. क्युरपीप-व्हाक्वाच्या दमट हवेत कोठीत पडून राहिलेला पुठ्ठा बाहेरून धडधाकट दिसला तरी त्यातील जोर गेलेला असतो. झाकणाचा मधला सांधा व दोन्ही टोकांच्या कडा यांवर रुंद चिकटपट्टी लावावी. सुतळी बांधू नये, कारण ती वर्गवारीच्या यंत्रांत अडकते. इंग्रजी व फ्रेंच भाषांत ‘नाजूक’ असे अवश्य लिहावे, पण ते कोणी वाचणार नाही असे गृहीत धरूनच पेटी भरावी, कारण सरकत्या पट्ट्याला अक्षरओळख नसते. पत्त्याची एक प्रत पेटीच्या आतही ठेवावी. बाहेरील चिठ्ठी फाटली तर तोच आधार.

चांदीच्या टाकाला रबरी पट्टी लावू नये. रबरातील गंधकाने चांदी काळवंडते. लोकरी कापडानेही तसेच होते. धुतलेले मऊ सुती कापड किंवा आम्लरहित पातळ कागद उत्तम. नथीचे मोती कठीण वस्तूंबरोबर एकाच पिशवीत ठेवू नयेत, कारण सोन्याच्या कडेनेही मोत्यावर ओरखडा उठतो. आतील ओलावा शोषण्यासाठी सिलिकाची पुडी घालावी, मात्र तिचा वस्तूला प्रत्यक्ष स्पर्श होऊ देऊ नये.

कागदांचे प्रकरण याहून नाजूक. १८६७ च्या मजूर-कायद्यानुसार करार संपलेल्या गिरमिटियांना छायाचित्र असलेले तिकीट जवळ बाळगावे लागे. ज्या कागदाने त्यांच्या हिंडण्याफिरण्यावर बंधन घातले, तोच आज कित्येक कुटुंबांत त्या पूर्वजाचा एकमेव चेहरा आहे. काही उत्साही मंडळी असा कागद उष्णतेने प्लास्टिकमध्ये चिकटवून घेतात. याहून मोठा अपकार नाही, कारण ते प्लास्टिक पुन्हा निघत नाही आणि कागद आतल्या आत खराब होत राहतो. कागद पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात सरकवून ठेवावा, त्याच्या दोन्ही बाजूंस त्याहून मोठे ताठ पुठ्ठे लावावेत आणि चिकटपट्टी पुठ्ठ्यांनाच लावावी, कागदाला कदापि नाही. पाठविण्यापूर्वी दोन्ही अंगांची स्वच्छ छायाचित्रे घ्यावीत, कारण मागील बाजूस लिहिलेला क्रमांकच पुष्कळदा महत्त्वाचा असतो. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदवह्या आहेत व तेथे शोध घेताना तो क्रमांक उपयोगी पडतो.

विम्याविषयी गैरसमज फार. आंतरराष्ट्रीय टपाल-संघाच्या नियमांप्रमाणे सोने, चांदी, रत्ने, दागिने व नोटा बिनविम्याच्या साध्या पार्सलातून पाठविता येत नाहीत. त्यांसाठी विमा उतरविलेले टपाल वापरावे लागते. त्यातही काही देश अशा वस्तू स्वीकारतच नाहीत, तेव्हा आधी टपालकचेरीत चौकशी करावी. खऱ्या किमतीपेक्षा अधिक रकमेचा विमा उतरविणे हा नियमभंग आहे. उलट जकात वाचविण्यासाठी किंमत कमी लिहिली, तर नुकसान झाल्यावर तेवढीच भरपाई मिळते. आणि भावनेची किंमत कोणतीही टपालकचेरी देत नाही. समईचे पितळ किती, एवढेच ती मोजते. जकातीच्या पत्रकावर खरे व थोडक्यात लिहावे. ‘भेटवस्तू’ एवढाच शब्द पुरत नाही, वस्तू कोणती ते सांगावे लागते. ही माहिती आता बहुधा पार्सल निघण्यापूर्वीच विद्युत्-मार्गे पलीकडे पाठवावी लागते. दुकानाच्या पावतीऐवजी सोनाराचा मूल्य-दाखला जोडला तर पुढचे वाद टळतात.

ऑस्ट्रेलियाकडे पाठविणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. तेथे बियाणे, माती, वाळलेली फुले-पाने यांवर कडक निर्बंध आहेत. भरण म्हणून पेंढा वापरू नये आणि फळांची वा अंड्यांची जुनी खोकीही नकोत. देवाच्या टाकाबरोबर शकुनाची म्हणून ठेवलेली तुळशीची मंजिरी किंवा कुंकवात भिजवलेल्या अक्षता यांपायी सबंध पार्सल अडून राहण्याचा संभव असतो. श्रद्धा पत्रात लिहून पाठवावी.

पुण्या-मुंबईस डागडुजीसाठी जुनी मूर्ती धाडण्याचा बेत असेल तर मात्र थबकून विचार करावा. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू-कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने हस्तलिखित खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाही. मॉरिशसच्या घरातून गेलेली वस्तू परत येताना याच कायद्यात अडकू शकते. ती येथूनच गेली होती हे सिद्ध करणारे कागद आधीच तयार नसतील, तर सोडविणे महाकठीण.

असो. त्या आजीबाईंच्या घरी पुढे धाकट्या नातवासाठी टाक पाठविण्याचा प्रश्न निघाला. सुनेने यावेळी नवी पेटी आणली, फोम आणला, सुती कापड धुऊन वाळवून ठेवले. आजीबाईंनी सर्व तयारी पाहिली आणि विचारले, “किती दिवस लागतील?” सून म्हणाली, “आई, दोन-तीन आठवडे तरी.” आजीबाईंनी टाक परत देवघरात नेऊन ठेवला. चैत्रात भाची मेलबर्नला जाणार होती. ती सामान विमानाच्या पोटात टाकते की हातात धरते, हे त्यांनी आधी विचारून घेतले आणि मग त्या धुतलेल्या कापडात टाक गुंडाळून तिच्या हातपिशवीत स्वतः ठेवला. नवी पेटी मात्र वाया गेली नाही. तिच्यातून दुरुस्त झालेल्या समईसाठी वातींचा एक मोठा गठ्ठा लिऑनला रवाना झाला.