विद्यापीठातील गॉथिक : उगमवादाची मर्यादा

मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट संकुलातील राजाबाई मनोरा आणि दीक्षान्त सभागृह यांच्याविषयी दोनच प्रकारे बोलण्याचा प्रघात पडला आहे. वारसाप्रेमी गौरव करतात. २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक वास्तुसमूहाचा समावेश झाल्यापासून या गौरवाला अधिकृतपणाही लाभला आहे. दुसरीकडे देशीवादाची सुलभ आवृत्ती वापरणारे अभ्यासक हीच वास्तू परभृत म्हणून निकालात काढतात. वरकरणी परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही भूमिका वस्तुतः एकाच गृहीतकावर उभ्या आहेत : कलाकृतीचा उगम कळला की तिचा अर्थ कळला.

हे गृहीतक तपासून पाहिले तर टिकत नाही. खुद्द इंग्लंडला गॉथिक शैली बाराव्या शतकात फ्रान्समधून मिळाली. उसनेपणा हाच दोष मानायचा, तर कँटरबरीचे कॅथीड्रलही परभृतच ठरेल. गॉथिकच्या मूल्यमापनाचा वेगळा निकष जॉन रस्किन याने १८५३ मध्येच मांडला होता. त्याच्या लेखी या शैलीचे सत्त्व टोकदार कमानीत नसून दगड घडवणाऱ्या कारागिराला मिळालेल्या स्वातंत्र्यात होते. त्याच्या हातातील ओबडधोबडपणाही त्यामुळे मूल्यवान ठरत होता. हा निकष विद्यापीठांना किती अडचणीचा असतो, हे ऑक्सफर्डने दाखवून दिले. १८६० मध्ये खुल्या झालेल्या तेथील विद्यापीठीय संग्रहालयात ओशे नावाच्या आयरिश कारागिराने अधिकाऱ्यांशी झालेल्या वादातून विद्यापीठाच्या सभासदांना पोपट आणि घुबडे बनवून कोरले, व ती त्याला विद्रूप करावी लागली, अशी हकीकत सांगितली जाते.

हाच प्रश्न मुंबईला विचारला पाहिजे. या वास्तूंचे आराखडे करणारा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधीही आला नाही. ते लंडनहून आले. १८७४ मध्ये सभागृह आणि १८७८ मध्ये ग्रंथालय व मनोरा पूर्ण झाला. ग्रंथालय आणि मनोऱ्यासाठी प्रेमचंद रायचंद यांनी दिलेले प्रत्येकी २ लाख रुपये अमेरिकन यादवीच्या काळातील कापूसतेजीतले होते. रचना लंडनची, पैसा मुंबईच्या बाजाराचा. मग हात कुणाचा?

मनोऱ्यावर पश्चिम भारतातील जातीजमातींच्या २४ मानवाकृती आहेत. त्यांचे नमुने मुकुंद रामचंद्र या एतद्देशीय अभियंत्याने घडवले. गौरव करणारे या आकृतींना ‘स्थानिक रंग’ म्हणून मोकळे होतात. धिक्कार करणाऱ्यांना त्यांची दखलही घ्यावीशी वाटत नाही. वास्तविक सारा ताण येथेच आहे. माणसांचे जातवार नमुने मांडणारी दृष्टी वसाहतीच्या वर्गीकरणाची आहे, तर त्यांना आकार देणारा हात इथला आहे. ज्यांच्या प्रतिमा मनोऱ्यावर चढल्या, त्यांच्या भाषा मात्र त्याच सुमारास विद्यापीठाच्या उच्च परीक्षांतून बाहेर काढल्या गेल्या होत्या; मराठीला तेथे पुन्हा स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत झगडावे लागले. प्रतिमेला प्रवेश आणि वाणीला मज्जाव, हा या वास्तूचा खरा आशय आहे. तो शैलीच्या जन्मदाखल्यावरून कळत नाही. रचना, पैसा, हात आणि भाषा यांचे परस्परसंबंध वाचल्यावरच कळतो.

मराठी समीक्षेच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ वास्तुकलेचा नाही. कादंबरी, सुनीत, नवकाव्य यांविषयीचे वाद शतकभर ‘अनुकरण की अस्सल’ याच खोड्यात अडकले आहेत. बाहेरून आलेला रूपबंध येथे कुणाच्या हाती पडला, त्या हाताला किती मोकळीक होती, आणि कुणाचा आवाज त्यातून वगळला गेला, हे विचारण्याचे कष्ट क्वचितच घेतले जातात. उगम शोधणे हे समीक्षेचे पूर्वकार्य होय; त्यालाच निर्णय मानणारी समीक्षा मनोऱ्याची सावली मोजते आणि दगड वाचायचा विसरते.