संस्थेला ‘नको’ म्हणता आले पाहिजे

महाविद्यालय आणि सामाजिक संस्था एकत्र आल्या की दोघांचाही फायदाच होतो, हे विधान इतके गोड आहे की त्याचा हिशोब कुणी मागत नाही. विद्यार्थ्याला अनुभव आणि श्रेयांक, संस्थेला फुकटचे मनुष्यबळ. मग तोटा कुणाचा? तोटा संस्थेचा, आणि तो तासांत मोजता येतो. प्रत्यक्ष कामाच्या एका श्रेयांकाला साधारण ३० तास धरतात. तेवढ्या वेळात मुलांना वस्तीची ओळख करून देणे, कुणाला काय विचारू नये हे समजावणे, प्रश्नावल्या तपासणे आणि शेवटी प्रमाणपत्रांवर सह्या करणे हे सारे संस्थेच्या एखाद्या कार्यकर्तीच्या अंगावर पडते. मुले जरा उपयोगी पडू लागतात, तोच परीक्षा येते. अमेरिकेत मॅडिसन परिसरातल्या ६७ संस्था-कार्यकर्त्यांच्या मुलाखतींवर आधारलेले ‘द अनहर्ड व्हॉइसेस’ हे पुस्तक २००९ मध्ये निघाले. थोड्या तासांसाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दलची त्यातली मुख्य तक्रार हीच आहे. तरी संस्था होकार देतात ना, असे कुणी म्हणेल. देतात, कुणी पुढची पिढी घडावी म्हणून, कुणी शहरातल्या मोठ्या महाविद्यालयाला दुखवायचे कसे म्हणून. होकार हा समाधानाचा पुरावा नव्हे.

आपल्याकडे हा अनुभव जुना आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षे काम, सात दिवसांचे शिबिर आणि दत्तक गाव ही तिची चौकट. (गाव दत्तक घेतात म्हणे, ते पोरके आहे हे कुणी ठरवले?) या योजनेने हजारो मुलांना पहिल्यांदा फावडे हातात धरायला लावले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वनराई बंधाऱ्याचेच पाहा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढा अडवायचा तो पाऊस ओसरताच, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, धार वाहती असताना. शिबिरे मात्र बहुधा डिसेंबर-जानेवारीत भरतात, कारण सत्रपरीक्षा तेव्हा आटोपलेली असते. तोवर कितीतरी ओढ्यांत अडवायला पाणीच उरलेले नसते. मुलांच्या कष्टात खोट नाही. वेळापत्रक ओढ्याचे नाही, विद्यापीठाचे आहे.

यावरून काही जण दुसरे टोक गाठतात: हे सगळे सेवेचे पर्यटन आहे, बंद करा. त्यांचा आधार बहुधा विचारवंत इव्हान इलिच असतो. मेक्सिकोत सेवेला निघालेल्या अमेरिकी तरुणांना त्याने १९६८ मध्ये तोंडावर सुनावले होते की बघायला या, शिकायला या, मदत करायला येऊ नका. पण त्याच भाषणात त्याने असेही म्हटले होते की गरिबांत काम करायचेच असेल, तर जे तुम्हाला हाकलून देऊ शकतात त्यांच्यात करा. हे वाक्य भागीदारी मोडणारे नाही, तिची अट सांगणारे आहे. काम कोणते, मुले किती, केव्हा आणि किती काळ हे संस्थेने ठरवावे, आणि तिचा नकार महाविद्यालयाने अपमान न मानता ऐकावा.

असे केल्यास अभ्यासक्रमाचा दर्जा घसरेल, ही भीती अनाठायी आहे. समाजकार्याच्या महाविद्यालयांत विद्यार्थी आठवड्यातून साधारण दोन दिवस, वर्षभर एकाच संस्थेत क्षेत्रकार्य करतो आणि संस्थेतल्या मार्गदर्शकाचे मतही विचारात घेतले जाते. त्याने शिक्षण पातळ झाल्याचे दिसत नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तो सत्र संपले म्हणून गुंडाळला गेला नाही, पुढे राज्य शासनाने स्वीकारला. तुकड्या बदलल्या तरी टिकेल असा करार विभागाने करायचा असतो, तुकडीने नव्हे.

उरतो संख्येचा आक्षेप, आणि तो खरा आहे: लाखो विद्यार्थ्यांना पुरतील इतक्या संस्था कुठून आणायच्या? नसतील तर थोडेच विद्यार्थी जावेत. बाकीच्यांना अभ्यासक्रमातल्या क्षेत्र प्रकल्पासाठी दुसरे विषय भरपूर आहेत. श्रेयांकांचा कोटा भरण्यासाठी वस्तीत माणसे ओतणे हा त्यावर उपाय नाही. आज मूल्यमापनाच्या तक्त्यात विद्यार्थ्याची हजेरी, अहवाल, सादरीकरण यांना गुण असतात. त्यातच संस्थेने भरायचा एक रकाना वाढवावा: या विभागाची मुले पुढच्या वर्षी हवीत का? आणि ‘नको’ असे उत्तर आल्यास ते विभागाच्या बैठकीत वाचून दाखवावे.