दारावरचा पहारा

पंचवटीत काळारामाच्या दाराशी जरा उभे राहा. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते वर्षानुवर्षं लढले. दार उघडलं नाही. अडवणाऱ्यांना वाटत होतं, आपण धर्म राखतोय. ते फक्त दार राखत होते. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ ला, याच जिल्ह्यातल्या येवल्यात, बाबासाहेबांनी जाहीर केलं की आपण हिंदू म्हणून मरणार नाही.

आज ते दार उघडं आहे, पण पहारेकरी आपल्यात शिरलाय. कोण मटण खाऊन देवळात आलं, कुणी उपास मोडला, कुणाची नमाज चुकली, सगळा हिशोब आपल्याकडे. आणि स्वतःचा?

अन्यायाला अन्याय जरूर म्हणा, सत्याग्रहींनी तेच केलं. पण दुसऱ्याची श्रद्धा तोलायचा तराजू तुमच्या हाती दिला कुणी?

पुढच्या वेळी रामकुंडावर गेलात, तर शेजारचा डुबकी कशी मारतो ते बघू नका. आपण काय धुवायला आलोय, तेवढं स्वतःला विचारा.