फुकटाच्या दारावरचा पहारेकरी

फुकट म्हटलं की गरिबाचे कान टवकारतात, हे धनदांडग्यांना पक्कं ठाऊक असतं. २०१५ साली फेसबुकने हेच हेरून आपल्या देशात गळ टाकला. रिलायन्स कम्युनिकेशन्सला हाताशी धरलं. योजनेचं नाव आधी इंटरनेट डॉट ऑर्ग, मग पुन्हा बारसं करून फ्री बेसिक्स. वर्तमानपत्रांत पान पान भरून जाहिराती. मालक मार्क झुकेरबर्गने स्वतः लेख लिहून महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. त्याला म्हणे या योजनेमुळे हवामान कळलं, बाजारभाव कळला.

कळला तर चांगलंच झालं. त्यात कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. पण दोस्तहो, सवाल वेगळाच होता. त्या शेतकऱ्याने काय बघायचं, हे ठरवणार कोण? त्या फुकटच्या दारातून अख्खं इंटरनेट दिसतच नव्हतं. कंपनीच्या अटींत बसलेल्या साइट्स तेवढ्या दिसत. बाकी जग पैसे मोजल्यावर. म्हणजे खिशात दमडी असेल त्याला सगळा बाजार, आणि नसेल त्याला मालक वाढेल तेवढंच. रीत जुनीच, ताट फक्त नवं.

नेट न्यूट्रॅलिटी हा शब्द जड वाटतो. गोष्ट साधी आहे. तार ज्याची त्याने तारेतून काय जातं यात नाक खुपसू नये. अडवू नये, मुद्दाम रखडवू नये, पैसे खाऊन कुणाला पुढे काढू नये. बंदरात धक्का ज्याच्या ताब्यात, त्याने मेव्हण्याचं जहाज आधी लावलं आणि परक्याचं बाहेर ताटकळत ठेवलं, तर त्याला व्यापार म्हणत नाहीत. त्याला दादागिरी म्हणतात.

त्याच २०१५ च्या एप्रिलमध्ये एअरटेल झीरो आलं. ॲपवाल्याने कंपनीला पैसे भरायचे, मग गिऱ्हाइकाला ते ॲप फुकट. फ्लिपकार्ट त्यात जाणार होतं. लोक खवळले तेव्हा मागे फिरलं. समजा ही पद्धत रुळली असती. बड्या दुकानात शिरायला फुकट, आणि भुसावळच्या एखाद्या पोराने काढलेलं नवं ॲप उघडलं की गिऱ्हाइकाचा डेटा जळणार. गिऱ्हाईक कुठे जाईल? पोराचा माल चांगला असूनही शर्यत सुरू व्हायच्या आत तो हरलेला. आणि वर हेच लोक आपल्याला गुणवत्तेचे डोस पाजणार!

धंद्याचंच कशाला? राउंड टेबल इंडिया, दलित कॅमेरा यांच्याकडे बड्या वर्तमानपत्रांची तिजोरी नव्हती. तरी त्यांचा आवाज देशभर गेला. कारण नेटवर त्यांचं पान आणि कोट्यधीशाचं पान एकाच वाटेने येतं. ही वाट विकली गेली की आधी आपला आवाज बसणार.

तेव्हा दहा लाखांवर ई-मेल ट्रायकडे गेले. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने नियम केला: मजकूर बघून डेटाचे वेगवेगळे दर लावायचे नाहीत. मोडला तर दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. फ्री बेसिक्सने गाशा गुंडाळला. २०१८ मध्ये अडवणुकीची आणि रखडवण्याची बंदी कंपन्यांच्या परवान्यातच घातली गेली.

काही शहाणे म्हणाले, काहीच नसण्यापेक्षा थोडं बरं होतं की! त्यांना उत्तर त्याच वर्षी मिळालं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, चढाओढ लागली, डेटा स्वस्त झाला. गरिबाच्या हातात तुकडा नाही, सगळं इंटरनेट आलं. तो कुणाचा दानधर्म नव्हता, धंदाच होता. म्हणून तर जुलै २०२४ मध्ये तिन्ही बड्या खाजगी कंपन्यांनी दर चढवले. तेव्हा वाट सगळ्यांना सारखी पाहिजे आणि वाटेचं भाडंही परवडलं पाहिजे. एक मागून दुसरं सोडायचं नाही.

आता त्याच कंपन्या नवं गाणं गातायत. ज्या साइट्स जास्त बघितल्या जातात त्यांनीही आम्हाला पैसे द्यावेत. अरे, बघणाऱ्याने रिचार्ज केलाय ना? मग एकाच मालाची हमाली दोन्हीकडून कशी वसूल करता? म्हणे फक्त बड्यांकडूनच घेऊ. पण बडा आपल्या खिशातून देत नाही, तो गिऱ्हाइकाकडून काढतो. दक्षिण कोरियात अशी वसुली चालते. तिथली नेटवर्क फी परवडत नाही म्हणत ट्विच २०२४ मध्ये तो देश सोडून गेलं. आणि मिळालेला नियम कायम टिकतो असंही नाही. अमेरिकेत २०१५ साली केला, २०१७ साली मोडायचं ठरवलं, २०२४ साली पुन्हा आणला, जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने रद्द केला.

म्हणून दोस्तहो, गाफील राहू नका. ट्राय पुन्हा लोकांची मतं मागवेल तेव्हा कंपन्यांचे वकील सगळ्यात आधी पोचलेले असतील. आपलं पत्रही तिथे गेलं पाहिजे. मोडक्यातोडक्या मराठीत गेलं तरी चालेल, पण गेलं पाहिजे. त्यात एवढंच लिहा: आम्हाला फुकटचं दार नको. दारावरचा पहारेकरी हटवा.