सोवळ्याला अंत कुठे?

१९५७ साली बिली ग्रॅहम यांनी न्यू यॉर्कमधील धर्मसभांसाठी उदारमतवादी प्रोटेस्टंटांचेही सहकार्य घेतले, तेव्हा थोरले बॉब जोन्स व जॉन राइस या मूलतत्त्ववाद्यांनी त्यांच्याशी फारकत घेतली. १९७१ मध्ये खुद्द राइस आणि धाकटे जोन्स यांच्यातच फूट पडली. वाद एवढाच: पाखंड्याशी संगत ठेवणाऱ्या विश्वासू बांधवालाही वर्ज्य मानायचे काय?

योहानाच्या शुभवर्तमानातील ऐक्याची प्रार्थना आणि करिंथकरांना पौलाने दिलेला वेगळे होण्याचा आदेश एकाच ग्रंथात आहेत. आमचा आक्षेप निष्ठेवर नाही, वाचनावर आहे. पौलाचा रोख अविश्वासणाऱ्यांवर व मूर्तिपूजेवर होता. तो स्वकीयांवर वळवणे म्हणजे संदर्भ पुसून वाचणे होय. दुसऱ्याची संगत हीच शुद्धतेची कसोटी ठरली, की सोवळ्याला अंत राहत नाही. मंडळी मात्र उरत नाही.