वाहवा नको, टीका हवी

ताडोबाला १९५५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, १९९५ साली तेथे व्याघ्र प्रकल्प झाला. आणि आज चंद्रपूरच्या हौशी छायाचित्रकारांत वाघ न टिपलेला माणूस विरळाच! मीही त्यांतलाच एक.

माझ्या वाघिणीच्या छायाचित्राला मित्रांनी तोंड भरून दाद दिली. कुणी भिंगाची किंमत विचारली, कुणी उजेडाची तारीफ केली. जंगलातल्या आमच्या वाटाड्याने मात्र ते निरखून एवढेच विचारले, ‘साहेब, तिचे कान पाह्यले का?’

कान मागे पडलेले होते. आमच्या गाडीने तिची वाट अडवली होती. मी ज्याला रुबाब समजत होतो, तो तिचा संताप होता! मला राग आला, हे कबूल करतो; पण मला मिळालेली खरी टीका तेवढीच.

आपल्याकडे दाद हा शिष्टाचार झाला आहे आणि टीका म्हणजे वैर. पण खोट्या वाहवेवर पोसलेला हौशी माणूस उद्या गाडी आणखी चार हात पुढे घ्यायला लावतो, आणि त्याची किंमत जनावर मोजते. म्हणून मित्रहो, माझ्या छायाचित्राची स्तुती करण्यापूर्वी मी कुठे उभा होतो, ते आधी विचारा.